डिपर म्हणजे ‘या’ की ‘सरका’?

आमच्या चौकातला झेब्रा पुसून तिथे रेलिंग लावणाऱ्या साहेबांना खुले पत्र

स. न. वि. वि.

साहेब, तुमचं नाव, तुमचं खातं आणि आमच्या चौकाचं नाव मी या पत्रात मुद्दामच लिहिलेलं नाही. तुमची उद्या बदली होईल, रेलिंग मात्र तिथेच राहील. शिवाय पुण्यात असे चौक इतके आहेत, की वाचणाऱ्या प्रत्येकाला हा आपल्याच घराजवळचा वाटेल. एरंडवण्यात आहे, एवढं पुरे.

मी बासष्ट वर्षांची आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. घरी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, त्याला चौदा वर्षं झाली. कुणी इथल्या मुलाशी लग्न करून आलेली असते, कुणी कंपनीच्या बदलीवर आलेला, कुणी तुकोबांच्या अभंगांवर अभ्यास करायला. पहिल्या आठवड्यात मी त्यांना ‘हे केवढ्याला दिलं?’ शिकवते. आणि त्याच्याही आधी, पहिल्याच दिवशी, खाली नेऊन रस्ता ओलांडायला शिकवते. पुढच्या तासाला विद्यार्थी धडधाकट यायला हवा ना.

दोन महिन्यांपूर्वी माझी इंग्लंडहून आलेली एक विद्यार्थिनी आपल्या त्या झेब्र्यावर उभी होती. संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. समोरून येणाऱ्या गाडीने डिपर दिला. तिच्या गावाकडे गाडीवाल्याने दिवे लुकलुकवले की लोक त्याचा अर्थ घेतात, ‘तुम्ही जा, मी थांबतो.’ (तिकडच्या नियमांच्या पुस्तकात तसं नाही. तिथे डिपरचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच दिलाय. पण लोकांनी त्याचं परस्पर सौजन्य करून टाकलंय.) तिने हात वर करून आभार मानले आणि पाऊल टाकलं. आपल्याकडे डिपरचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. मी येतोय, थांबत नाहीये, सरका. त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून मनगटावर निभावलं. खाली उतरला तेव्हा तो मनापासून चिडलेला होता, ‘अहो, डिपर दिला होता ना!’ ती ओल्या रस्त्यावर बसून, मनगट छातीशी धरून, इंग्रजीत नेमकं तेच म्हणत होती. डिपर दिला होता ना. दोघंही खरंच बोलत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुमची माणसं आली. आम्हाला वाटलं, गतिरोधक करतील, पट्टे पुन्हा रंगवतील. त्यांनी पट्ट्यांवर काळा रंग फासला, दोन्ही कडांना छातीइतकं लोखंडी रेलिंग ठोकलं आणि पाटी लावली, ‘पादचाऱ्यांनी पादचारी पुलाचा वापर करावा.’ पूल तिथून माझ्या २८० पावलांवर आहे. वर जायला ४४ पायऱ्या, उतरायला ४४. लिफ्ट आहे, तिला कुलूप आहे, कुलपाला गंज आहे.

मी अर्ज घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही बसा म्हणालात, चहा मागवलात, सगळं ऐकून घेतलंत. त्याबद्दल आभार, हे उपरोधाने लिहीत नाही. आणि मग म्हणालात, ‘मॅडम, तुमचं सगळं मान्य. पण हे परदेश नाही. आपल्या लोकांचं कल्चरच तसं आहे. गाड्या थांबणार नाहीत, मग निदान तुम्हाला तरी सुरक्षित ठेवायला नको का?’

हे पत्र त्या वाक्याला आहे. रेलिंगवर नंतर येते.

कल्चर हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे, त्यामुळे जरा ऐकून घ्या. रस्त्यावर देशोदेशीची रीत वेगळी असते, हे मी रोज बघते. जर्मनीहून आलेली एक मुलगी होती. तिच्याकडे रात्री अकराला सामसूम रस्त्यावरही लोक लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभे राहतात. पायी माणसाने सिग्नल तोडला तर पाच युरो दंड आहे, पण ती म्हणाली, दंडाचं कोण मनावर घेतंय, शेजारी लहान मूल उभं असलं तर लाज वाटते. ही मुलगी आपल्या झेब्र्यावर गाड्या थांबायची वाट बघत उभी राहिली. मी गॅलरीतून बघत होते. सहा मिनिटं! शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तिचं मनगट धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि दुसरा पंजा गाड्यांकडे करून तिला पलीकडे नेलं.

तो पंजा कधी नीट बघा, साहेब. खांद्याच्या वर जात नाही. कमरेपाशीच असतो, बोटं किंचित वाकलेली, एकाच वेळी ‘थांब की रे बाबा’ आणि ‘खबरदार’. पोलिसाचा हात असतो तसा तो ताठ नसतो, कारण त्याच्यामागे पावतीपुस्तक नसतं. आणि पंजा दाखवताना मावशी गाडीवाल्याकडे बघत नाहीत. जर्मनीत म्हणे मुलांना शिकवतात, चालकाच्या डोळ्यांत बघा, त्याने तुम्हाला पाहिलंय याची खात्री करा आणि मग जा. इथे मी नेमकं उलटं शिकवते. त्याने पाहिलं की तुम्ही त्याला पाहिलंय, की संपलं. तो धरून चालतो की आता तुम्ही थांबणार. म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा आणि न बघितल्यासारखं करा. चौदा वर्षं हे शिकवते आहे आणि दर वेळी शिकवताना ओशाळते.

हनोईची एक मुलगी आली होती, तिला काहीच शिकवावं लागलं नाही. दुचाक्यांच्या लोंढ्यात ती एका संथ चालीने शिरली आणि लोंढा तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला. मीच कडेला उभी राहून ओरडत होते. तिकडची रीत अशी, की थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळतात. आठ दिवसांनी तीच म्हणाली, ‘बाई, इथे जमत नाही.’ का ते मला माहीत होतं. आपला दुचाकीवाला धरून चालतो की बाई घाबरून मागे सरकणार, म्हणून तो पुढून गाडी काढतो. बाईला कुणीतरी कालच पुढून कट मारलेला असतो, म्हणून ती खरंच थबकते. दोघं एकमेकांना फार चांगलं ओळखतात.

आता जपान, कारण तुमच्या वाक्याचं उत्तर तिथे आहे. एका कंपनीच्या कामासाठी आलेले जपानी गृहस्थ माझ्याकडे शिकायचे. पहिल्या दिवशी हात सरळ वर करून ते झेब्र्यावर उभे राहिले, त्यांच्याकडे शाळेत शिकवतात तसे. एक रिक्षा योगायोगाने थांबली, तिचं पॅसेंजर उतरत होतं. यांनी पलीकडे गेल्यावर वळून रिक्षाला वाकून नमस्कार केला. रिक्षावाल्याने घाबरून मीटरकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘तुमच्याकडे सगळ्या गाड्या थांबत असतील, नाही?’ ते हसले आणि त्यांनी मला आकडे दाखवले. तिथली वाहनचालकांची मोठी संघटना दरवर्षी सिग्नल नसलेल्या झेब्र्यांवर पाहणी करते. २०१८ साली पायी माणसासाठी थांबलेल्या गाड्या किती? ८.६ टक्के. शंभरात नऊसुद्धा नाहीत. त्याच वर्षी नागानो प्रांतात ५८.६ टक्के आणि मिए प्रांतात १.४ टक्के. देश एक, भाषा एक, नमस्कार एक. पुढे पोलिसांनी झेब्र्यावरची कारवाई वाढवली, प्रांताप्रांताचे आकडे दरवर्षी जाहीर होत राहिले, आणि २०२३ मध्ये देशाचा आकडा ४५.१ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांत कुणाचं कल्चर बदलतं का, साहेब? तुमच्यासारखीच टेबलापलीकडे बसलेली माणसं कामाला लागली होती.

इंग्लंडचंही तसंच. तिथे २०२२ च्या जानेवारीत नियमच बदलले. आधी झेब्र्यावर पाऊल टाकलेल्या माणसासाठी थांबायचं होतं, आता कडेला वाट बघणाऱ्यासाठीही थांबावं असं लिहिलंय.

आणि आपला नियम काय कमी आहे? केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट आहे की सिग्नल नसलेल्या झेब्र्याशी चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं. त्याआधी १९८९ च्या नियमांतही झेब्र्यावरचा पहिला हक्क पायी माणसाचाच होता. म्हणजे माझ्या लग्नाच्या सुमाराचा हा नियम आहे. लग्न टिकलं, नियम मात्र वाहनांनी कधी घरात घेतला नाही.

आपल्या कल्चरमध्ये पायी माणसाला मान नाही, हेही मला मान्य नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावर काय होतं? लाखो माणसं पायी चालतात आणि एरवी दोन सेकंद न थांबणारं हे शहर तासन् तास गाड्या बाजूला लावून उभं राहतं. वर वारकऱ्यांना पाणी देतं, त्यांचे पाय चेपतं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकं थांबवून ॲम्ब्युलन्सला वाट करून देणारे हेच लोक. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला, बाक ठेवले, तर लोक तिथे चालतात, बसतात, गप्पा मारतात. आणि हाच डिपरवाला लष्करी हद्दीच्या फाटकाशी जवान उभा दिसला की शंभर पावलं आधीच हेल्मेट डोक्यावर चढवतो. तेव्हा कुठे जातं हो कल्चर?

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. मी जाते, मला आवडतो. रांगोळ्या असतात, मुलं रस्त्यावर खेळतात. पण घरी येताना दर वेळी पोळा आठवतो. त्या दिवशी बैलाला आंघोळ, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू.

एक गोष्ट मात्र कल्चरमध्ये खरोखर रुतलेली आहे, ती कबूल करते. भाषेत आहे म्हणून माझ्या लवकर लक्षात आली. मराठीत रस्ता ओलांडणारं माणूस गाडीखाली सापडलं की चालक काय म्हणतो? ‘आडवी आली.’ मांजर आडवं जातं आणि म्हातारी आडवी येते. गाडी कधी कुणाला आडवी आली, असं मी ऐकलेलं नाही. ती आपली सरळच जात असते. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर ३२,८२५ पायी चालणारी माणसं मेली. त्यांतली किती ‘आडवी’ आली असतील? तुमच्या पाटीतही तोच सूर आहे. ‘पादचाऱ्यांनी वापर करावा.’ गाडीवाल्यांनी काय करावं याची पाटी मला चौकात सापडली नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली, रेलिंग. गाडी थांबली नाही आणि मुलगी पडली. त्यावर उपाय म्हणून मुलीची वाट बंद केली. तुमचा हेतू चांगला असेल, पण लोक पुलावर जात नाहीत. परवा संध्याकाळी मी अर्धा तास उभी राहून बघितलं. पुलावर तीन माणसं दिसली, त्यातला एक फोनवर भांडायला वर गेला होता. बाकीचे रेलिंग संपतं तिथपर्यंत रस्त्याच्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चालतात आणि तिथून पार होतात. पूर्वी निदान झेब्रा तरी पायांखाली असायचा. चौथ्या दिवशी कुणीतरी एक गज वाकवला, आता शाळेची मुलं त्यातून दप्तर आधी ढकलतात आणि मागून स्वतः निघतात. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दप्तरासारखं ढकलता येत नाही.

दुसरी, सेकंदांची. तुम्ही म्हणालात पुढच्या सिग्नलला जा. गेले. तिथे पायी माणसाचा हिरवा १२ सेकंद असतो. रस्ता कडेपासून कडेपर्यंत साधारण २० मीटर आहे. मुलाने टेपने मोजला, पहाटे पाचला, कारण इतर वेळी मोजणाराच आडवा आला असता. सिग्नल लावताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्वसाधारणपणे धरतात. त्या हिशेबानेही सतरा सेकंद लागतात. म्हणजे तुमचा सिग्नल धडधाकट माणसालाही पुरत नाही. मला अठ्ठावीस लागतात. दुभाजकापाशी पोहोचते तोवर समोर गाड्यांचे आकडे उलटे मोजायला लागलेले असतात, तीन, दोन, आणि एकच्या आतच हॉर्न. शिवाय आमचा हिरवा चालू असताना डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबतच नाहीत. ‘फ्री लेफ्ट’ची पाटी तिथे नाही, आणि पाटी नसेल तर लाल दिव्यावर डावीकडेही वळता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. वळणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

यातच एका आरोपाचं उत्तर आहे. पादचारी चौक सोडून मधूनच रस्ता का ओलांडतात, असं तुम्ही विचारलंत. चौकात गाड्या तीन दिशांनी येतात आणि वळणारा कोणत्या बाजूने निघेल त्याचा नेम नसतो. मधे दोनच दिशा बघाव्या लागतात. राँग साइडने येणारा धरला तर तीन. लोक बेशिस्त असतील, पण बेरीज त्यांना येते.

तिसरी, फूटपाथ. चालायला १.८ मीटर मोकळी जागा असावी असं मानक आहे. आमच्याकडे विजेचा डीपी, फ्लेक्सचा खांब आणि चहावाल्याची बाकडी वजा जाता एका माणसाला तिरकं होऊन जाण्याइतकी उरते. चहावाल्यावर माझा राग नाही, त्याला हलवू नका, डीपी हलवा. राग आहे तो संध्याकाळी फूटपाथवर गाडी चढवणाऱ्या दुचाक्यांवर. मागच्या आठवड्यात एकाने फूटपाथवर मला मागून हॉर्न दिला. मी सरकले नाही, तर म्हणाला, ‘आजी, साइड द्या ना.’ मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळ्या फूटपाथवरून चालता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. त्या पोराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘हो आजी, पण घाई आहे.’

चौथी थोडक्यात. चौकात कॅमेरे आहेत, हेल्मेट नसलं की घरी पावती येते. झेब्र्यावर गाडी उभी केल्याची पावती आली, असं सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

आमचेही दोष आहेत. कानाला फोन लावून रस्त्यात उतरणारे आमच्यातलेच. आणि मीही गुडघा जायच्या आधी वीस वर्षं स्कूटर चालवली. डिपर मारलाय, पिवळ्यावर ॲक्सिलरेटर पिळलाय, एका म्हाताऱ्या गृहस्थांना ‘आजोबा, बघून चाला’ असंही म्हटलंय. ते झेब्र्यावर होते. ते आता मला अधूनमधून आठवतात.

तर मागण्या अशा. रेलिंग काढा आणि झेब्रा होता तिथेच परत आखा; नुसता रंगवू नका, फूटपाथच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल. पुढच्या सिग्नलला पायी माणसाचा वेळ तीस सेकंद करा आणि तेवढ्या वेळात डावीकडचं वळण बंद ठेवा. गाड्या अठरा सेकंद जास्त थांबतील, मान्य. मी ४४ अधिक ४४ पायऱ्या चढउतार करावी असं सांगताना माझ्या वेळेचा हिशेब कुणी केला नव्हता. संध्याकाळी सहा ते आठ एक माणूस झेब्र्यावर उभा करा, आणि त्याला गाड्या पुढे काढायचं काम न देता थांबवायचं काम द्या. स्टॉपलाइन ओलांडणाऱ्यांना कॅमेऱ्यातून पावत्या पाठवा आणि दर महिन्याला किती पाठवल्या ते चौकातच फळ्यावर लिहा. लिफ्ट चालू करा. पूल ज्यांना हवा त्यांना राहू दे. पक्कं लायसन्स देताना झेब्र्याशी थांबून दाखवायला लावा. हे तुमच्या खात्याचं नाही, ठाऊक आहे, पण ज्यांचं आहे त्यांना पत्र तुम्ही लिहू शकता. मी लिहिलं तर आवकला शिक्का बसतो, तुम्ही लिहिलंत तर उत्तर येतं.

आणि शेवटची मागणी अशी की एकदा चालायला या. येत्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबते. गाडी लांब लावा आणि सरकारी पाटी झाकून या. पाटी दिसली तर गाड्या थांबतील. आपण आधी पुलावरून जाऊ, मग पुढच्या सिग्नलवरून, मग रेलिंगच्या टोकाने. मला मधे दोनदा थांबावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. रस मी पाजते.

कळावे,
आपली,
एक पायी चालणारी
एरंडवणे, पुणे

ता. क. : त्या मुलीचं प्लास्टर गेल्या शुक्रवारी निघालं. शनिवारी तासाला आली आणि म्हणाली, ‘बाई, मला एक वाक्य नीट म्हणायला शिकवा.’ तिने ते डाव्या हाताने वहीत लिहून आणलं होतं : ‘मी आडवी आले नाही.’